शक्तीचा वारसा मुलाकडेच का?

'क्रिश' ह्या चित्रपटमालिकेचा चौथा भाग येणार, अशी घोषणा २०२५ च्या मार्च महिन्यात झाली. आधीचे तीनही भाग राकेश रोशन यांनी दिग्दर्शित केले होते. चौथ्याचं दिग्दर्शन त्यांचा मुलगा हृतिक, म्हणजे मालिकेचा नायकच, करणार आहे. घोषणा झाल्याबरोबर चर्चेला तोंड फुटलं. 'जादू' परत येणार का? खर्च किती होणार? परदेशी चित्रपटांच्या तोडीची दृश्यं आपल्याला जमतील का? पन्नाशी ओलांडलेला नायक उड्या मारताना शोभेल का? ह्या सगळ्या चर्चेत एक प्रश्न मला कुठेच ऐकू आला नाही. तो विचारण्यासाठी हा लेख लिहिते आहे.

स्त्री-चळवळीच्या अंकात उड्या मारणाऱ्या नायकाला जागा कशाला, असं काही मैत्रिणींना वाटेल. आपण हुंड्यावर लिहितो, मारहाणीवर लिहितो, रेशन आणि पाण्यावर लिहितो. सिनेमाचा विषय निघाला की आपली भूमिका बहुतेक वेळा दोनपैकी एक असते. पोस्टर अश्लील असेल तर त्याला काळं फासायचं, आणि नसेल तर दुर्लक्ष करायचं. पण ज्या घरांत आपली पत्रकं पोचत नाहीत त्या घरांतही हे चित्रपट पोचतात. मुलं ते पुन्हा पुन्हा पाहतात, भाकरी थापता थापता बायाही पाहतात. वरून निरुपद्रवी दिसणारी गोष्ट माणसाच्या मनात काय ठेवून जाते, हे बघणं आपलं काम आहे. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ती गोष्ट पाहून प्रेक्षक काय म्हणतात आणि काय म्हणत नाहीत, तेही बघितलं पाहिजे.

ज्यांनी ही मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. पहिला भाग 'कोई मिल गया' ऑगस्ट २००३ मध्ये आला. संजय मेहरा नावाचा शास्त्रज्ञ अवकाशात संदेश पाठवतो, परग्रहावरचं यान खरोखरच येतं, आणि त्या गडबडीत अपघात होऊन तो मरतो. त्याची गरोदर बायको सोनिया वाचते, पण पोटातल्या बाळाला इजा होते. हा मुलगा म्हणजे रोहित. वय वाढतं, बुद्धी मागे राहते. पुढे परग्रहावरून आलेला 'जादू' त्याला अचाट शक्ती देतो. दुसरा भाग 'क्रिश', जून २००६ चा. त्यात रोहितचा मुलगा कृष्णा आहे, त्याला ही शक्ती जन्मतःच मिळालेली. आईबाप नाहीत, आजी सोनिया त्याला डोंगरात एकटीने वाढवते. तिसरा भाग 'क्रिश ३', २०१३ च्या दिवाळीत आला. कृष्णाची बायको प्रिया गरोदर असते, खलनायकाची माणसं तिला पळवून नेतात, सगळी मुंबई पणाला लागते, रोहित मुलासाठी प्राण देतो. शेवटी प्रियाला बाळ होतं. मुलगा. त्याला आजोबांचंच नाव ठेवतात, आणि ते तान्हं बाळसुद्धा आपली शक्ती दाखवून देतं. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पुढच्या भागाची सोय झाली.

म्हणजे आधी संजय, मग रोहित, मग कृष्णा, मग पुन्हा छोटा रोहित. चार पिढ्या, आणि चौघेही पुरुष. माझा प्रश्न साधा आहे. प्रियाला मुलगी झाली असती तर? नातूच का? नात का नाही?

ह्या गोष्टीतल्या बाया काय करतात, तेही बघा. सोनिया नवऱ्यामागे मुलाला वाढवते, मुलामागे नातवाला वाढवते. त्याच्यात काय आहे हे जगाला कळू नये म्हणून गाव सोडून डोंगरात राहते. निशा, म्हणजे रोहितची बायको, मुलाला जन्म देते आणि दुसऱ्या भागाच्या आधीच मरून जाते. प्रिया वृत्तवाहिनीत काम करणारी शिकलेली बाई आहे, पण तिसऱ्या भागात तिचं मुख्य काम गरोदर असणं आणि पळवलं जाणं. आणि चौथी आहे काया. ती खलनायकाने प्रयोगशाळेत घडवलेली बाई, कुणाचंही रूप घेऊ शकणारी. सगळ्या मालिकेत स्वतःची शक्ती असलेली मोठी स्त्री-व्यक्तिरेखा ती एकच. ती नायकाच्या प्रेमात पडते, आपल्या मालकाविरुद्ध जाते आणि मारली जाते. मेहरांच्या घरातल्या बायांमधून शक्ती नुसती जाते. विजेच्या तारेतून वीज जावी तशी. तार उन्हापावसात उभी, आणि दिवा लागतो तो दुसरीकडे.

तिसरा भाग आला तेव्हाच्या प्रतिक्रिया मला आठवतात. त्या वर्षी चांगला धंदा केलेल्या हिंदी चित्रपटांत तो होता. कौतुक करणाऱ्यांनी तांत्रिक करामतींचं कौतुक केलं, आपल्या देशात असं काही झालं म्हणून अभिमान बाळगला. टीका करणारे म्हणाले, हे 'एक्स-मेन'वरून उचललं, ते 'सुपरमॅन'वरून उचललं, गाणी फसली. कंगना राणावतने केलेली काया अनेकांना आवडली, तसं लिहून आलं. पण शेवटच्या बाळाबद्दल माझ्या वाचनात किंवा कानावर काही आलं नाही. मुलगाच होणार हे जणू सगळ्यांनी आधीच धरून ठेवलं होतं. कुणाला राग आला नाही, कुणाला आनंदही झाला नाही, कारण दुसरं काही होऊ शकतं हेच कुणाच्या मनात नव्हतं. माझ्या मते ही प्रतिक्रिया सगळ्यांत बोलकी आहे.

दुसऱ्या देशांत अशा लांबलेल्या विज्ञानमालिकांवरून केवढी भांडणं झाली आहेत! ब्रिटनमध्ये 'डॉक्टर हू' ही मालिका १९६३ मध्ये सुरू झाली. तिच्यातला डॉक्टर मरणाच्या दारात पोचला की नवं शरीर धारण करतो, त्यामुळे नट बदलत गेले तरी मालिका चालू राहिली. पन्नासहून अधिक वर्षं ह्या नव्या शरीरांत मुख्य डॉक्टर म्हणून बाईचं शरीर कधी आलं नाही. २०१७ च्या जुलैत जोडी व्हिटेकर ह्या अभिनेत्रीचं नाव जाहीर झालं तेव्हा काही प्रेक्षक भयंकर चिडले. परग्रहावरचा माणूस काळातून मागेपुढे प्रवास करतो हे त्यांना पटत होतं. तो बाई होतो हे पटत नव्हतं. दुसरीकडे कितीतरी मुलींना आणि त्यांच्या आयांना आपलं कुणी तरी पडद्यावर आल्यासारखं वाटलं.

अमेरिकेतल्या 'स्टार वॉर्स'ची कथा आपल्या विषयाच्या आणखी जवळ जाते. ही मालिका १९७७ पासूनची. तिच्यातही एक अदृश्य शक्ती आहे आणि ती एका घराण्यात बापाकडून मुलाकडे आलेली दाखवली होती. तशी तिथे जुळी बहीणही होती, पण तलवार मिळाली भावाला. २०१५ मध्ये नव्या भागांत रे नावाची मुलगी मुख्य भूमिकेत आली. २०१७ च्या भागात तिला सांगितलं जातं की तुझे आईबाप कुणी मोठे नव्हते, साधी, नाव नसलेली माणसं होती. म्हणजे शक्तीला घराणं लागत नाही! ह्या भागावर काही प्रेक्षकांचा इतका राग उसळला की त्यात काम केलेल्या केली मेरी ट्रॅन ह्या व्हिएतनामी वंशाच्या अभिनेत्रीवर तिच्या वंशावरून आणि बाईपणावरून गलिच्छ शब्दांचा मारा झाला. २०१८ मध्ये तिने समाजमाध्यमावरचं आपलं सगळं लिखाण काढून टाकलं, आणि नंतर वृत्तपत्रात लेख लिहून आपण गप्प बसणार नाही असं जाहीर केलं. २०१९ च्या पुढच्या भागात मात्र रे ही एका सत्ताधीशाची नात आहे असं निघालं. घराणं परत आलं. निदान नात म्हणून आलं, एवढंच.

ही उदाहरणं तिकडचं सगळं चांगलं म्हणून देत नाही. तिकडे किती विष ओतलं गेलं ते वर लिहिलंच आहे. पण तिकडे प्रश्न उघड्यावर आला. भांडण झालं म्हणजे निदान दोन बाजू आहेत हे तरी कळतं. आपल्याकडे भांडणच झालं नाही.

भांडण वर्तमानपत्रांत झालं नाही म्हणजे कुणाच्या मनात काही आलं नाही असं मात्र नव्हे. मी बुलडाणा तालुक्यात धाडला काम करते. जालना जिल्ह्याच्या हद्दीजवळचं हे मोठं गाव. सोयाबीन निघून गेल्यावर हाताला थोडी उसंत होती, तेव्हा बचत गटातल्या बाया आणि किशोरी गटातल्या मुली मिळून आम्ही तिसरा भाग टीव्हीवर एकत्र पाहिला. मुद्दाम ठरवून पाहिला. नंतर बोलायचं, एवढीच अट घातली होती.

बायांना काया आवडली. ती मेली ते कुणालाच आवडलं नाही. "तिले कायले मारलं? कामाची होती ते," असं एक आजी दोनदा म्हणाल्या. मग नववीतल्या एका मुलीने विचारलं, "ताई, यांना मुलगी झाली असती तर तिच्यात पावर आली असती का?" मी उत्तर देण्याआधीच मागून एक काकू बोलल्या, "पोरीले कायची पावर? पोरगी तं लोकाच्या घरची. तिच्या संगं पावर बी तिकडंच गेली असती." सगळ्या हसल्या. हसणं ओसरल्यावर दोन मुलींवर तिसऱ्यांदा दिवस गेलेली एक सून हळूच म्हणाली, "पहिल्याच खेपेले पोरगा. सिनेमातल्या बायायचं बरं असते." त्यावर कुणी हसलं नाही.

सिनेमाच्या प्रतिक्रिया ज्या छापून येतात त्या तिकीट काढणाऱ्याच्या आणि लिहिणाऱ्याच्या असतात. ह्या तिघींच्या प्रतिक्रिया कुठे छापून येणार? पण चित्रपटाचं जे मर्म मोठमोठ्या परीक्षणांत सापडलं नाही, ते ह्या तिघींनी तीन वाक्यांत पकडलं. मुलीने शास्त्राचा प्रश्न विचारला. काकूंनी मालमत्तेचा कायदा सांगितला. आणि त्या सुनेने स्वतःच्या पोटावरची टांगती तलवार दाखवली. एकेकीचं म्हणणं नीट बघू या.

आधी मुलीचा प्रश्न. चित्रपटाला विज्ञानकथा म्हणायचं तर उत्तरही विज्ञानानेच द्यायला हवं. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून येतं, एक बापाकडून. त्यातल्या २२ जोड्या मुलगा आणि मुलगी दोघांमध्ये सारख्याच प्रकारच्या असतात. लिंग ठरतं ते तेविसाव्या जोडीवर. बापाकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. म्हणजे बाळाचं लिंग ठरवणारा घटक बापाकडून येतो, हे आपण शिबिराशिबिरांत सांगत आलो आहोत. आता पुढचा हिशोब मांडा. रोहितची शक्ती रक्तातून पुढच्या पिढीत उतरते असं मानलं, तर २२ जोड्यांपैकी कुठेही ती बसलेली असली तरी मुलीत उतरण्याचा संभव मुलाइतकाच. ती बापाच्या एक्स गुणसूत्रावर बसली असेल, तर उलट मुलीलाच मिळेल, मुलाला नाही. फक्त त्या छोट्याशा वाय गुणसूत्रावर बसली असेल तरच मुलगी वगळली जाईल. म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर 'हो, आली असती' असंच आहे. शक्ती मुलीला मिळत नाही हा निसर्गाचा नियम नाही. तो पटकथेचा नियम आहे.

आता काकूंचं म्हणणं. त्या विनोदाने बोलल्या, पण त्या जे बोलल्या तेच गावागावांत सातबाऱ्यावर लिहिलेलं आहे. मुलगी परक्याची, म्हणून तिच्यासोबत जमीन जाईल, म्हणून तिला जमीन नको. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात बदल करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. २००५ मध्ये केंद्राने कायदा बदलला आणि विवाहित मुलींनाही तो हक्क मिळाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २००५ च्या बदलाच्या वेळी बाप हयात असो वा नसो, मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे. कागदावर सगळं झालं. आणि तरी माझ्या समोर बसलेल्यांपैकी बहुतेकींनी भावांच्या नावे हक्कसोड पत्रावर सही नाहीतर अंगठा दिलेला आहे. नाही दिला तर माहेर तुटतं. दिवाळीला भाऊबीज कोण घालणार? ज्या समाजात जमीन मुलीकडे जात नाही, त्या समाजाला उडण्याची शक्ती मुलीकडे गेलेली कशी सुचेल? 'क्रिश' आला २००६ मध्ये, म्हणजे केंद्राचा कायदा बदलल्यानंतरच्या वर्षी. कायदा बदलला होता. कल्पना मात्र जुन्या सातबाऱ्यावरच चालली होती.

आणि तिसरं, त्या सुनेचं वाक्य. दुसऱ्या भागात डॉ. आर्य नावाचा शास्त्रज्ञ एक यंत्र बनवतो. त्या यंत्रात भविष्य दिसतं. ते पाहायला मिळावं म्हणून तो माणसं कोंडतो, माणसं मारतो. चित्रपटगृहात मुलं डोळे विस्फारून ते यंत्र बघत होती. आपल्या बायांना मात्र तसं यंत्र नवं नाही. उद्या कोण जन्माला येणार हे दाखवणारं यंत्र तालुक्याच्या गावी पोचून कितीतरी वर्षं झाली. त्यात दोष यंत्राचा नाही. सोनोग्राफीने किती बायांचं बाळंतपण सुखरूप झालं हे आपल्याला माहीत आहे. दोष त्याचा वापर करून मुलगी नाकारणाऱ्यांचा आहे. इथे आपण नेहमी सांगतो ते पुन्हा सांगायला हवं. १९७१ च्या कायद्याने मिळालेली सुरक्षित गर्भपाताची सोय हा बाईचा आधार आहे, त्याला आपला विरोध नाही. विरोध आहे तो लिंग पाहून निवड करण्याला.

ह्या लढ्यात महाराष्ट्रातल्या स्त्री-संघटना आघाडीवर होत्या. त्यांच्या रेट्यामुळे १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. तो कागदावरच राहिला म्हणून 'सेहत', 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने सरकारांना कामाला लावलं, आणि २००३ मध्ये कायदा सुधारून गर्भधारणेआधीची लिंगनिवडही त्यात आली. 'कोई मिल गया' आला तो ह्याच २००३ साली.

आणि आपल्या जिल्ह्यात काय झालं? २००१ च्या जनगणनेत बुलडाणा जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८५५ झाल्या. महाराष्ट्राचा आकडा ९१३ वरून ८९४ वर आला; आपण राज्याच्याही पुष्कळ खाली गेलो. २०२१ ला व्हायची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे मोजून घेतलेले जनगणनेचे आकडे म्हणून आपल्या हाती आहेत ते हेच. जिजाऊंचं माहेर असलेला हा जिल्हा! दर १२ जानेवारीला सिंदखेडराजाला गर्दी लोटते, जिजाऊंच्या लेकी म्हणून आपणही जातो, जायलाच हवं. पण मुलगाच हवा म्हणून जन्माला येऊ न दिलेल्या लेकींचं काय? 'कोई मिल गया' ते 'क्रिश ३' ही दहा वर्षं आणि हे आकडे घसरले ती दहा वर्षं, जवळजवळ एकच आहेत.

कुणी गैरसमज करून घेऊ नये. चित्रपटामुळे मुली कमी झाल्या असं मी म्हणत नाही. मुली कमी होतात त्या हुंड्यामुळे, जमिनीमुळे, म्हातारपणी कोण बघणार ह्या भीतीमुळे, आणि पैशासाठी कायदा मोडणाऱ्यांमुळे. चित्रपट बंद केल्याने त्यातलं काहीच थांबणार नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की ज्या मनोवृत्तीतून ते होतं त्याच मनोवृत्तीने ही गोष्ट रचली आहे, आणि म्हणूनच ती कुणाला खटकली नाही. तिसऱ्या भागात खलनायक कोण आहे, आठवून पाहा. रोहितपासून प्रयोगाने जन्माला घातलेलं, अपंग निघालं म्हणून अनाथालयात टाकून दिलेलं मूल. ते मोठं होऊन सूड घेतं. म्हणजे नको म्हणून नाकारलेल्या मुलाची गोष्ट ह्या लेखकांना सुचली होती. विज्ञानाच्या नावाखाली मूल निवडणं आणि टाकणं ह्यातलं क्रौर्य त्यांना दिसलं होतं. मुलगी म्हणून नाकारल्या जाणाऱ्या बाळापासून ते एक पाऊल दूर होते. ते पाऊल पडलं नाही.

आणखी एक आक्षेप माझ्याच सहकाऱ्यांनी घेतला. मुलं मजेने पाहतात, त्यात कशाला तत्त्वज्ञान घुसवता? मजा घालवायची नाहीच. आमच्या मुलींनी मजा भरपूर केली. प्रश्न विचारणारी मुलगी सिनेमा सर्वांत जास्त रंगून पाहत होती. ती रंगली म्हणूनच तिला प्रश्न पडला. आपल्याला मजेतून बाहेर काढलं आहे हे तिच्या लक्षात आलं, आणि आपल्यालाही त्यात घ्या, एवढंच ती म्हणत होती.

मुलींना घेतलेली विज्ञानकथा आपल्या देशात नव्हतीच, असंही नाही. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ मध्ये 'सुलतानाज ड्रीम' ही कथा लिहिली, मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात ती छापून आली. त्या कथेतल्या देशात बाया राज्य करतात आणि पुरुष घरात पडद्यात राहतात. तिथल्या बायांच्या विद्यापीठांनी ढगांतून पाणी काढायची युक्ती शोधली आहे आणि सूर्याची उष्णता साठवून ठेवली आहे. स्वयंपाक त्या उन्हावर होतो, धूर नाही. एकशेवीस वर्षांपूर्वी, स्वतः पडद्यात वाढलेल्या एका बाईने विज्ञानाकडे काय मागितलं, बघा! पाणी, आणि धूर नसलेली चूल. उडून खलनायकाला बुक्की मारणं तिला सुचलं नाही, कारण तिला रोजचा खलनायक ठाऊक होता.

त्याच धाग्यावर आम्ही पुढच्या आठवड्यात मुलींना सांगितलं की चौथा भाग तुम्ही रचा. अट एकच, की बाळ मुलगी आहे. काय काय आलं! एकीच्या गोष्टीत प्रियाच्या मुलीला शाळेत यायची बस बंद पडते म्हणून ती उडत शाळेला येते आणि येताना मैत्रिणींनाही पाठीवर घेते. दुसरीच्या गोष्टीत तिला अदृश्य होता येतं; त्यामुळे फाट्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांच्या समोरून तिला जाता येतं. एकीने 'जादू'चं यान लोणारच्या सरोवरात उतरवलं. उल्का तिथे पडली होतीच, मग यान का नाही? एका मुलीने फार थोडं लिहिलं. तिच्या गोष्टीत प्रियाला पोटातल्या बाळाचा आवाज ऐकू येतो. बाळ म्हणतं, मी मुलगी आहे हे कुणाला सांगू नकोस, मी जन्मले की मग बघते. ह्या गोष्टीवर त्या दिवशी फार वेळ बोलणं झालं. ती दोन मुलींची आईही ऐकत होती. तिच्याशी आणि तिच्या घरच्यांशी आमचं बोलणं अजून चालू आहे. ते सोपं नाही, आणि एका गोष्टीने ते होणारही नाही.

म्हणून गटांतल्या मैत्रिणींना माझी विनंती आहे. चौथा भाग येईल तेव्हा तो आपल्या मुलींबरोबर आणि मुलग्यांबरोबरही बसून पाहा. पाहून झाल्यावर तीन प्रश्न विचारा. ह्या गोष्टीत शक्ती कुणाला मिळाली? कुणामुळे मिळाली? आणि कुणाला मिळू शकली असती, पण मिळाली नाही? उत्तरं आपण द्यायची नाहीत, फक्त लिहून घ्यायची. मुलग्यांची उत्तरं वगळू नका. बहिणीच्या हक्कसोड पत्रावर उद्या तेच सही मागणार आहेत. शिबिरांत गुणसूत्रांचा तक्ता लावता तेव्हा ह्या चित्रपटाचं उदाहरण द्या. तक्ता विसरतो, गोष्ट विसरत नाही. आणि चित्रपट करणाऱ्यांना पत्रं लिहा. निषेधाची नकोत, मागणीची लिहा. पोस्टरला काळं फासताना आपण काय नको ते सांगत आलो. काय हवं तेही आता सांगायला हवं.

दर हजारी ८५५ च्या जिल्ह्यातून आम्ही मागतो आहोत ते फार नाही. पुढच्या भागात पाळण्यातली शक्ती एखाद्या मुलीच्या मुठीत असावी, आणि ती पाहून थिएटरातल्या लोकांनी पूर्वी नातवाला वाजवल्या तशाच टाळ्या वाजवाव्यात. कुणाला राग आला तर येऊ द्या. निदान भांडण तरी सुरू होईल.